रेंडर लागलंय

त्या घरात दोन शब्द उच्चारले की इस्त्री बंद व्हायची, मिक्सर गप्प बसायचा आणि दोन धडधाकट पुरुष निमूटपणे आपला चहा आपण करून घ्यायचे. ते दोन शब्द म्हणजे 'रेंडर लागलंय'.

घरातली सून कॉम्प्युटरवर लोकांच्या घरांची चित्रं करायची. जी घरं अजून बांधलेलीच नाहीत त्यांची. आर्किटेक्ट नकाशा पाठवायचा. ती त्यावर भिंती उभ्या करायची, सोफे मांडायची, खिडकीतून ऊन आत सोडायची आणि मग एक बटण दाबायची. ते सगळं खऱ्या फोटोसारखं दिसावं म्हणून पुढचे अडीच-तीन तास कॉम्प्युटर एकटाच राबायचा. याला म्हणायचं रेंडर. तेवढा वेळ कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, आणि घरातलं वायरिंग जुनं असल्यामुळे विजेवरची दुसरी कुठलीही जड वस्तू लावायची नाही. एकदा दिराने शर्टाला इस्त्री करायला घेतली. रेंडर चौऱ्याण्णव टक्क्यांवर होतं. फ्यूज उडाला. सून ओरडली नाही की रडली नाही. खुर्चीतून उतरून जमिनीवर बसली आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तेव्हापासून त्या दोन शब्दांचा दरारा बसला.

तिला घरात सगळे पेन्सिल म्हणत. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, आणि अंगानेही तशीच, म्हणून दिराने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हे नाव ठेवलं आणि ते कागदोपत्री नाव मागे टाकून पुढे गेलं.

कॉम्प्युटरचं टेबल सासूबाईंच्या खोलीत होतं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. बाहेरच्या खोलीत दीर झोपायचा. आतल्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामधून माणसाला तिरकं होऊन जावं लागायचं. म्हणून टेबल सासूबाईंच्या पायथ्याशी. दोन वर्षांपूर्वी त्या बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलं नाही आणि तेव्हापासून त्या पलंगावरच होत्या. घर चौथ्या मजल्यावर. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे पेन्सिलचा नवरा, लिफ्ट मेकॅनिक. शहरभरच्या म्हाताऱ्या त्याच्या कृपेने वर-खाली करायच्या. त्याची स्वतःची आई दोन वर्षं खाली उतरली नव्हती, कारण त्यांच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. यावर घरात आता कोणी विनोद करत नसे. सगळे करून झाले होते.

सासूबाईंचे पाय गेले तरी कान शाबूत होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असायचा. चमचा एकदा वाजला की पाणी, दोनदा वाजला की भांडं, म्हणजे पलंगावर घ्यायचं ते, आणि तीनदा वाजला की 'काही नाही, असंच'. पलंगावरून त्यांना दोनच गोष्टी दिसायच्या: छत, आणि सुनेच्या खांद्यावरून कॉम्प्युटरचा मॉनिटर. त्याला त्या पडदा म्हणत. पडद्यावर रोज नवं घर उभं राहायचं आणि सासूबाई पडल्या पडल्या त्याच्या चुका काढायच्या. "हे एवढं मोठं स्वयंपाकघर. गॅस या टोकाला, फ्रिज त्या टोकाला. दूध आणायला बस पकडायची का?" पेन्सिल हसायची आणि फ्रिज जवळ सरकवायची. आर्किटेक्टला वाटायचं, बाईंना व्यवहाराची जाण फार.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर नवऱ्याने सगळ्यांना सासूबाईंच्या खोलीत बोलावलं. घरातल्या सभा तिथेच भरत, कारण सभेच्या अध्यक्षा उठून दुसरीकडे जाऊ शकत नव्हत्या.

"आता कॉम्प्युटरचं काहीतरी करू," तो म्हणाला. "दोन वर्षं नुसतं बोलतोय आपण. दोन्ही एकदम झेपणार नाही. ग्राफिक्स कार्ड की मॉनिटर, आधी काय ते ठरवा. दुसरं पुढच्या वर्षी बघू."

"कार्ड," दीर म्हणाला. तो कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होता, त्यामुळे या विषयात घरात त्याच्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. "वहिनी, तुमच्या त्या कार्डाला आता पेन्शन द्या हो. त्याच्या पंख्याचं एक पातं तुटलंय. रेंडर लावलं की विमान उडाल्यासारखा आवाज येतो. खालच्या मजल्यावरचे मला जिन्यात थांबवून विचारतात, तुमच्याकडे पीठ दळायचं काम घेता का म्हणून."

"मॉनिटर," पेन्सिल म्हणाली.

"मॉनिटरचं काय अडलंय?"

"डावा कोपरा पिवळा पडलाय. पांढरी भिंत मला लोण्यासारखी दिसते, मग मी ती निळसर करते, आणि समोरच्याला ती आजाऱ्यासारखी दिसते. चुकीचा रंग लवकर पाठवला काय आणि उशिरा पाठवला काय, चुकीचाच ना? आर्किटेक्ट साहेबही कुरकुरत असतात."

हे सगळं खरं होतं, फक्त शेवटचं वाक्य सोडून.

"ते कोपऱ्याचं मी पाहिलंय, तेवढं चालतं," दीर म्हणाला. मग त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून जादूगारासारखा हवेत धरला. "तुमची ती निळ्या सोफ्याची फाइल यात घालून दुकानात नेली होती. नव्या कार्डावर लावली. इथे किती वेळ लागतो?"

"पावणेतीन तास," नवरा म्हणाला. त्याला पाठ होतं, कारण पावणेतीन तास त्याला इस्त्री मिळायची नाही.

"बारा मिनिटं! आणि आवाज? शून्य. मी दोनदा वाकून पाहिलं, पंखा फिरतोय का म्हणून."

नवरा टाळी वाजवायचाच बाकी होता. पेन्सिलने मात्र अंबाड्यातली पेन्सिल काढून पुन्हा खोचली. बारा मिनिटं, तिने मनात म्हटलं. बारा मिनिटांत तर बावीस पायऱ्या चढून श्वासही खाली बसत नाही.

आता हे सांगायलाच हवं, कारण घरात ते कोणालाच माहीत नव्हतं. निदान पेन्सिलला तसं वाटत होतं.

रेंडर लागलं की ती सासूबाईंच्या उशाशी पाण्याचा भरलेला ग्लास ठेवायची, फोन त्यांच्या हाताशी द्यायची, "आई, जरा खाली जाऊन येते हं, भाजी बघते," म्हणायची आणि बाहेर पडायची. सासूबाईंचा दुपारी डोळा लागायचा. दार ओढून घेतलं की पेन्सिल खाली जायची नाही. वर जायची. चौथ्या मजल्यावरून गच्चीच्या दारापर्यंत बावीस पायऱ्या होत्या. गच्चीला कायमचं कुलूप. दारासमोर टेबलाएवढी जागा, कोणीतरी टाकून दिलेलं एक कपाट आणि रंगाचा एक रिकामा डबा. ती डबा पालथा घालून भिंतीला पाठ टेकून बसायची. समोर जाळीची खिडकी, आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाठ आणि तिच्यावरचे पाइप. बघण्यासारखं त्यात काहीएक नव्हतं.

तिथे ती काय करायची? काही नाही. फोन घरी ठेवलेला असायचा. वाचायला नसायचं, शिवायला नसायचं. हात मांडीवर ठेवून ती बसायची. कोणी हाक मारायचं नाही, चमचा वाजायचा नाही, नवरा फोन करून 'माझी निळी फाइल कुठाय' विचारायचा नाही, दीर 'वहिनी, खायला काय आहे' म्हणायचा नाही. तासभर ती कोणाचीच कोणी नसायची. मग उठून, साडी झटकून, त्या मोडक्या कपाटामागून भाजीची पिशवी काढून ती खाली यायची. भाजी सकाळीच घेतलेली असायची. सकाळी बाजारातून येताना ती आधी वर जाऊन कपाटामागे ठेवायची, म्हणजे दुपारी पुरावा हाताशी. काम नसलं तरी ती एखादी जुनी फाइल पुन्हा रेंडरला लावायची. तुटक्या पात्याचा पंखा घरघरू लागला की तिच्या जिवाला बरं वाटायचं. आठवड्यातून चार दुपारी. एवढ्या मोठ्या आयुष्यात तिच्याकडे तिचं म्हणून एवढंच होतं, आणि ते त्या नादुरुस्त पंख्याच्या जोरावर टिकून होतं.

खोटं बोलल्याची टोचणी होती. दुपारी परत आल्यावर सासूबाईंचा ग्लास तसाच भरलेला दिसला की ती टोचणी रागावण्यातून बाहेर पडायची. "आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय? पाणी प्या. सकाळी पिता, संध्याकाळी पिता, दुपारीच काय होतं तुम्हाला?" सासूबाई म्हणायच्या, "तहान नव्हती."

सोमवारी, मंगळवारी पेन्सिलने मॉनिटरची बाजू लढवली. पांढऱ्या कागदावर चित्र छापून आणून पडद्याशेजारी धरून दाखवलं. नवरा डोकं खाजवू लागला. तो वाईट माणूस नव्हता. बायकोची पाठ दुखते, तिला तासन्‌तास त्या कॉम्प्युटरसमोर अडकून राहावं लागतं, एवढंच त्याला दिसत होतं आणि ते त्याला मनापासून सोडवायचं होतं. तरी तो मॉनिटरकडे झुकू लागला होता. आणि बुधवारी पेन्सिलने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

ती सासूबाईंच्या पायाला मलम चोळत होती. हात बरबटलेले, म्हणून आर्किटेक्टचा फोन आला तेव्हा तिने कोपराने स्पीकर लावला. नवरा दारात चहाचा कप घेऊन उभा होता. तो पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, मी मिस्टर बोलतोय. तुमची ती रंगाची तक्रार आहे ना, त्याचंच बघतोय आम्ही."

"रंगाची?" पलीकडून आवाज आला. "माझी? छे हो! रंगाचं काय घेऊन बसलात, गिऱ्हाईक शेवटी बायकोच्या पसंतीचाच लावतं. बाईंच्या भिंती छान असतात, थोड्या गार वाटतात, लोकांना आवडतात. मला वेग पाहिजे, वेग! तेवढं काहीतरी करा."

फोन बंद झाला. पेन्सिल मान खाली घालून चोळत राहिली. पाऊल चोळून झालं होतं तरी चोळत राहिली.

"मग ठरलं की," नवरा म्हणाला. "कार्ड. पेन्सिल, तू उगाच... बरं जाऊ दे. आई, तूही सांग एकदा. कार्ड ना?"

ही आपली म्हणायची पद्धत. आईचं मत कोणी खरोखर विचारत नव्हतं. पण पलंगावरून उत्तर आलं.

"पडदा."

"काय?"

"पडदा घ्या. मोठा. मला इथून सोफे मुंग्यांएवढे दिसतात."

नवरा हसला, मग थोडा चिडला. "आई, तुझ्या करमणुकीसाठी घ्यायचंय का? हिचं काम आहे ते. हिची तीन तासांची शिक्षा बारा मिनिटांवर येतेय, आणि तू सोफे बघतेस."

"मी मत सांगितलं," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. पेन्सिलला आश्चर्य वाटलं. सासूबाईंनी दोन वर्षांत स्वतःसाठी काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. पण तिच्याच डोक्याला इतका घोर लागला होता की तिने त्यावर पुढे विचार केला नाही.

शुक्रवारी कार्ड आलं. दिराने कॉम्प्युटरचा डबा उघडला, दोन वर्षांची धूळ फुंकली, जुनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पेन्सिलने ते हातात घेऊन पाहिलं. तुटक्या पात्यावरून बोट फिरवलं. नवं बसलं, निळ्या सोफ्याची फाइल लावली. पूर्वी चित्र चौकोन चौकोन करत भरायचं. आता ते धुकं विरावं तसं एकदम स्वच्छ होत गेलं. अकरा मिनिटं आणि वर काही सेकंद. खोलीत इतकी शांतता होती की घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

"झालीस की नाही मोकळी?" नवरा म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "आता दुपारभर मोकळीच मोकळी."

आणि मोकळ्या माणसाचं जे होतं तेच झालं. वेग बघून आर्किटेक्टने काम दुप्पट केलं. दिराचे शर्ट दुपारच्या इस्त्रीला येऊ लागले, कारण आता फ्यूजची भीती कसली, बारा मिनिटं तर थांबायचं. आणि नवऱ्याने एक जुना मोबाइल आणून टेबलावर ठेवला. त्याच्या कंपनीतला तक्रारी घेणारा माणूस सोडून गेला होता. "नवा मिळेपर्यंत दुपारचे फोन तू घे ना. नाहीतरी बसलेलीच असतेस. कुठली इमारत, कितवा मजला, एवढं लिहून मला कळवायचं. आणि माणूस आत असेल तर त्याला धीर द्यायचा."

म्हणजे आता दुपारभर पेन्सिल लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांशी बोलायची. "घाबरू नका. बटणं दाबत राहू नका. दार ओढू नका. माणूस निघालाय, पोहोचेलच." ती हे इतक्या शांतपणे सांगायची की कंपनीत तिचं कौतुक झालं. फोन ठेवला की ती पडद्याकडे बघायची. पडद्यावर कोणाचा तरी हॉल, हॉलला भिंतभर खिडकी, खिडकीबाहेर तिनेच लावलेली झाडं. तिचा जीव घुसमटायचा. आपल्याला कोणाला फोन करता येत नाही, हे तिला त्या आठ दिवसांत फार लागलं. करून सांगणार काय? सगळे माझ्यावर प्रेम करतात, लवकर या?

नवव्या दिवशी दुपारी एका बाईचा फोन आला. सहा आणि सात मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली होती, आत ती एकटीच.

"घाबरू नका," पेन्सिलने सुरुवात केली. "माणूस निघालाय, दहा मिनिटांत—"

"नाही नाही, घाबरले नाहीये," ती बाई म्हणाली. आवाज सावकाश होता. "सामानाच्या पिशव्या ठेवल्यात खाली, आणि मी पण बसलेय जमिनीवर. एक सांगू का? त्यांना म्हणावं, घाई करू नका. अर्ध्या तासाने आले तरी चालेल. वरती सगळे वाट बघतायत." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्हाला वाटेल ही बाई काय वेडी आहे."

"नाही," पेन्सिल म्हणाली, "अजिबात नाही." तिने इमारतीचं नाव लिहून घेतलं, फोन ठेवला आणि तळहाताने डोळे दाबून बसली.

मागे चमचा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा.

"काय आई?" तिने न वळता विचारलं.

"नऊ दिवस झाले. वर गेली नाहीस."

"वर कुठे?"

"वर. गच्चीच्या दाराशी. बावीस पायऱ्या."

पेन्सिल खुर्चीसकट वळली. सासूबाई छताकडे बघत होत्या.

"खाली जाणाऱ्याची टाच वाजते आणि वर जाणाऱ्याचा चवडा," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं आवाजावर पोट भरलंय मी. 'खाली जाते' म्हणायचीस आणि चवडे वाजवत जायचीस. सकाळी बाजारातून आलीस की आमच्या दारावरून पुढे, बावीस वर, बावीस खाली, आणि मग बेल. आणि दुपारी काय आणलंस, तर टोमॅटो. बिचारे रोज वर हवा खायला जायचे."

पेन्सिलचं तोंड उतरलं. कान लाल झाले. "आई, मी तिथे काही करत नाही हो. नुसती बसते."

"माहीत आहे. काही केलं असतंस तर आवाज आला असता."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"काय बोलायचं? तोच निळा सोफा महिन्यात चौथ्यांदा पडद्यावर आला तेव्हाच कळलं होतं मला." सासूबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "आमच्या एक्स्चेंजमध्ये याला 'लाइन बिझी' म्हणायचे. सकाळपासून हे जोड, ते तोड, याची शिवी खा, त्याची ओरड ऐक. मग एखादी म्हणायची, माझी लाइन बिझी ठेवा गं. ती हेडफोनची पिन काढून जिन्यात जाऊन बसायची, आणि शेजारची तिचे फोन सांभाळायची. 'लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' तीस वर्षं सांगितलं लोकांना. निम्म्या वेळा नव्हती व्यस्त."

पेन्सिल हसायला गेली, आणि तिची नजर उशाशी असलेल्या ग्लासवर पडली. ग्लास रिकामा होता. काल दुपारीही रिकामा होता. परवाही. नऊ दिवस ती घरात होती आणि नऊ दिवस दुपारचा ग्लास रिकामा होत होता.

"आई," ती म्हणाली, "मी वर असायची तेव्हा तुम्ही पाणी का प्यायचा नाहीत?"

"तहान नसायची."

"आणि आता नऊ दिवस रोज लागते?"

सासूबाईंनी पांघरूण ओढून घेतलं. मग वैतागून म्हणाल्या, "प्यायलं की भांडं लागतं. भांडं लागलं की चमचा वाजवायला लागतो. तू वर असताना वाजवून काय करू? आणि धरून तरी किती ठेवणार? त्यापेक्षा न प्यायलेलं बरं."

पेन्सिलला लाज वाटली, आणि लाजेबरोबर रागही आला, आणि तो नेमका कोणावर ते तिला ठरवता येईना. तिला वाटत होतं ते तास तिने चोरून मिळवलेत. ते कोणीतरी तहानेने कोरड पडलेल्या तोंडाने तिला देत होतं. ती उठून पलंगाच्या कडेवर बसली आणि सासूबाईंचा हात हातात घेतला.

"म्हणूनच पडदा म्हणालात ना तुम्ही?" पेन्सिलने विचारलं.

"सोफे दिसत नाहीत ते खरंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "आता ऊठ. रेंडर लाव आणि वर जा."

"ते बारा मिनिटांत होतं आई. संपलं ते सगळं."

"तुला अक्कल कधी येणार? संपलं हे कळतं कोणाला? पूर्वी तो डबा थांबला की तळमजल्यापर्यंत समजायचं. आता आवाज आहे का? पडदा दिसतो कोणाला? मला. मी सांगेन तेव्हा ते संपेल." त्यांनी हात पुढे केला. "आणि तो फोन इकडे दे. अडकलेल्या माणसांशी कसं बोलायचं ते मला चांगलं येतं."

पेन्सिलने फोन दिला. मग स्वयंपाकघरातून ग्लास भरून आणला आणि तोही पुढे धरला. "हे प्यायलात तरच जाईन."

"सगळं प्यायले तर वीस मिनिटांत चमचा वाजेल."

"मग वीस मिनिटांनी येईन."

"अर्धा पिते. अर्धा तास बस."

"आई, डॉक्टर म्हणालेत—"

"डॉक्टर चौथ्या मजल्यावर राहतो का? अर्धा ग्लास, अर्धा तास. पटत असेल तर बोल."

अर्ध्या ग्लासावर सौदा ठरला. सासूबाईंनी एक एक घोट मोजून घेतला आणि बरोबर मध्यावर थांबल्या. पेन्सिलने जुनी फाइल लावली. पडद्यावर निळा सोफा पुन्हा एकदा धुक्यातून बाहेर येऊ लागला. ती दार ओढून घेऊन निघाली, आणि चवडे वाजतायत हे माहीत असूनही ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

डबा तिथेच होता, धुळीत. तिने पदराने पुसला आणि भिंतीला पाठ टेकली. समोर तेच पाइप. हात मांडीवर. तिने डोळे मिटले.

थोड्या वेळाने खालून पावलं आली. चढणारी, जड, घाईची. नवरा. या वेळी तो कधी येत नसे. काहीतरी अवजार विसरला असणार. किल्लीचा आवाज, दार सताड उघडल्याचा आवाज, आणि मग ती हाक, जी तिला झोपेतही ऐकू यायची. "पेन्सिल! ए पेन्सिल!"

तिचे पाय आपोआप उचलले गेले. ती अर्धी उठली. तेवढ्यात खालून दुसरा आवाज आला. तो सासूबाईंचाच होता, पण त्यांचा हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता: गुळगुळीत, गोड, आणि दगडासारखा ठाम.

"रेंडर लागलंय. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

"आई, हे काय बोलतेस? आणि ते तर बारा मिनिटांत होतं ना आता?"

"मोठं आहे."

"आणि ही कुठाय?"

"खाली गेलीय."

"मला जिन्यात कशी दिसली नाही?"

"मग चुकामूक झाली असेल. आणि इस्त्री लावू नकोस. चहा हवा असेल तर तुझा तू कर."

मग स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला, गॅस पेटल्याचा झाला. पेन्सिल तोंडावर हात दाबून हसली. हसता हसता रडू आलं, तेही तिने येऊ दिलं. तिथे ते कोणाला समजावून सांगायचं नव्हतं.

मग डोळे पुसून तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासातली अजून बारा मिनिटं शिल्लक होती. ती पुन्हा डब्यावर बसली.